आरोग्यसेवेचा प्लॅन करताय? मग आधी दारात न येणारी माणसं मोजा

एखाद्या भागासाठी आरोग्यसेवा उभी करायची म्हटलं की पहिल्या मीटिंगला बोलणं सुरू होतं ते बिल्डिंगवरूनच. किती मजले, किती बेड, मशीन कुठलं, उद्घाटन कधी. अशा बऱ्याच मीटिंगांना मी बसलोय, आणि एका ठिकाणी तर जागा, नकाशा, मोठं मशीन सगळं ठरून गेल्यावर कोणीतरी विचारलं की इथे लोक राहतात किती आणि त्यातले साठीच्या पुढचे किती, तर खोलीत कोणाकडेच उत्तर नव्हतं. सेंटर झालं. दोन वर्षांनी गेलो तेव्हा मशीन कव्हरखाली होतं, चालवणारा माणूस सोडून गेलेला, आणि बाहेर बीपी-शुगरवाल्यांची रांग आधी होती तेवढीच. ती रांग बघून फार वाईट वाटलं. तेव्हापासून मी प्लॅन लोकांच्या यादीपासून सुरू करतो, आणि तो कसा करायचा ते इथे लिहितोय.

तर पहिलं काम म्हणजे तुमची माणसं कोण ते ठरवा. नकाशावर रेघ मारा, या रेघेच्या आत राहणारा प्रत्येक जण आपला, मग तो कधी आपल्याकडे आलेला असो नसो. जनगणनेचा आकडा घ्या पण तो जुना असतो, त्यामुळे मतदार यादी, जन्म-मृत्यूच्या नोंदी, शाळेचे पट, लसीकरणाच्या याद्या असं सगळं शेजारी ठेवून ताळा करा आणि तरीही सुटलेले राहतातच: भाड्याने राहणारे, कामासाठी काही महिने येऊन जाणारे, कागदपत्रं नसलेले, अंथरुणाला खिळलेले. यांच्यासाठी घरोघरी जाण्याला पर्याय नाही. एकूण आकड्याइतकंच वयाचं गणित महत्त्वाचं आहे, कारण ३०,००० लोकांत लहान मुलं जास्त असतील तर लागणारी सेवा वेगळी आणि म्हातारी माणसं जास्त असतील तर पूर्ण वेगळी.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. गरज वेगळी, मागणी वेगळी आणि आपण जे देतोय ते वेगळं. ओपीडीचं रजिस्टर उघडून "आपल्याकडे सर्दी-ताप जास्त आहे" असं ठरवणारे खूप भेटतात. अहो, रजिस्टर फक्त आलेल्यांचं असतं! जो आलाच नाही त्याची ओळ त्यात कुठे असणार? डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीत दोन गावांतल्या बायकांची पाहणी करून १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात जे छापलं ते या बाबतीत डोळे उघडणारं आहे. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. म्हणजे दवाखान्याच्या रजिस्टरवरून प्लॅन केला असता तर हा आजार जवळजवळ नाहीच असं वाटलं असतं.

याची दुसरी बाजू वेल्समधल्या डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये मांडली, तिला 'इन्व्हर्स केअर लॉ' म्हणतात: जिथे चांगल्या सेवेची गरज सगळ्यात जास्त तिथेच ती सगळ्यात कमी मिळते. हा माणूस नुसतं लिहून थांबला नाही. ग्लिनकोरग या खाणकामगारांच्या गावात त्यांचा दवाखाना होता, तिथे त्यांनी ठरवलं की गावातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचं बीपी मोजायचं, कोणी खोकल्यासाठी आला तरी मोजायचं, आणि जे आलेच नाहीत त्यांना शोधून काढून मोजायचं. आज हे साधं वाटतं पण १९६० च्या दशकाच्या शेवटी असं फारसं कोणी करत नव्हतं.

तुम्ही हे करायचं कसं? मी जे करतो ते सांगतो. भागाचा मोठा नकाशा भिंतीवर लावायचा आणि गेल्या सहा महिन्यांच्या रजिस्टरमधले पत्ते घेऊन प्रत्येक पेशंटमागे एक टिकली चिकटवायची, बस. एका ठिकाणी अर्ध्या दिवसात नकाशा भरला आणि मधोमध एक वस्ती कोरी राहिली, एकही टिकली नाही. दवाखान्यापासून चालत पंधरा मिनिटं. स्टाफ म्हणाला तिथले लोक तब्येतीने धडधाकट आहेत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही तिथे गेलो, कारण सकाळी गेलं तर घरांना कुलपं. पाचव्या की सहाव्या घरात एक आजोबा खाटेच्या कडेला बसलेले, एक हात मांडीवर तसाच पडलेला, बोलणं अडखळत. लकवा मारून वर्ष झालेलं. बीपीची गोळी आधी चालू होती, मग बंद का केली विचारलं तर सून म्हणाली, "दवाखाना उघडतो नऊला, आम्ही कामावर निघतो सहाला, परत येईस्तोवर बंद. रोज मजुरी बुडवून कोण जाणार?" त्या वस्तीला गरज होती आणि आम्ही वेळेच्या पाटीने तिला बाहेर ठेवलं होतं. आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळची ओपीडी एवढाच बदल पहिल्यांदा केला, त्याला ना बिल्डिंग लागली ना मशीन.

लोकांना विचारायलाच हवं, पण कसं विचारता त्यावर सगळं आहे. सगळ्यांना एकत्र बसवून "तुम्हाला काय हवंय" विचारलं तर मोठ्याने बोलणारे चार जण बोलतात आणि उत्तर येतं मोठं हॉस्पिटल. त्यापेक्षा बायकांचा गट वेगळा, म्हाताऱ्यांचा वेगळा, दिव्यांग माणसांकडे त्यांच्या घरी, आणि प्रश्न असा विचारा की "मागच्या वेळी घरात कोणी आजारी पडलं तेव्हा काय काय झालं, पहिल्यापासून सांगा". त्यात कुठे अडलं ते आपोआप येतं, पैसे, गाडी, भीती, कोणाची परवानगी, मागच्या वेळी मिळालेली वागणूक. आणि गेल्या वर्षभरातल्या मृत्यूंची चौकशी जरूर करा, घरच्यांना वेळ देऊन, हळुवारपणे. थॅडियस आणि मेन या संशोधकांनी १९९४ मध्ये बाळंतपणातल्या मृत्यूंसाठी तीन उशीर सांगितले होते, जायचं ठरवायला उशीर, पोचायला उशीर, पोचल्यावर उपचार मिळायला उशीर. मी ही चौकट कुठल्याही मृत्यूला लावून बघतो. एका भागात तिसराच उशीर सारखा निघत असेल तर ॲम्ब्युलन्स वाढवून काही होणार नाही, आतली व्यवस्था सुधारावी लागेल.

आता आकडेमोड. घाबरू नका, गुणाकार-भागाकार येत असेल तर येईल.

समजा आपला भाग ३०,००० लोकांचा, त्यातले ३० ते ७९ वयाचे १२,००० (हे मानलेले आकडे आहेत, तुमचे तुम्ही टाका). डब्ल्यूएचओच्या जागतिक अंदाजानुसार या वयात साधारण तिघांत एकाला हाय बीपी असतं, त्यातल्या जवळपास निम्म्यांना ते माहीतच नसतं आणि कंट्रोलमध्ये असतात पाचांत एक, नेमकं म्हणजे साधारण २१ टक्के. म्हणजे आपल्याकडे ४,००० बीपीवाले, त्यातले ८४० कंट्रोलमध्ये धरू, राहिले ३,१६०. कंट्रोलमध्ये नसलेल्याला महिन्याला एकदा बघायचं, कंट्रोलवाल्याला तीन महिन्यांनी. ३,१६० गुणिले १२ झाले ३७,९२० आणि ८४० गुणिले ४ झाले ३,३६०, एकूण ४१,२८० भेटी वर्षाला. सेंटर वर्षातले २८० दिवस उघडं असेल तर रोजच्या १४७ भेटी, नुसत्या बीपीच्या! एका भेटीला दहा मिनिटं धरली तर वर्षाचे ६,८८० तास. एक माणूस रजा, ट्रेनिंग, मीटिंगा वजा जाता वर्षाला २३० दिवस आणि दिवसाला खरेखुरे सहा तास पेशंटसमोर असतो, म्हणजे १,३८० तास. भागा. पाच माणसं लागतात.

हा आकडा पहिल्यांदा निघतो तेव्हा सगळे गप्प होतात. पण यातूनच प्लॅन सुचतो. एकतर पाच डॉक्टर कुठूनही मिळणार नाहीत, त्यामुळे बीपी मोजणं, गोळ्या घेतात का बघणं, ठरलेल्या प्रोटोकॉलप्रमाणे पुढच्या गोळ्या देणं हे ट्रेनिंग दिलेल्या नर्सने आणि आरोग्यसेविकेने करायचं, डॉक्टरकडे फक्त अवघड केस. दुसरं म्हणजे कंट्रोल वाढला की काम कमी होतं. त्याच ४,००० पैकी २,४०० जण कंट्रोलमध्ये आणले आणि त्यांना सहा महिन्यांनी बोलावलं, मधल्या काळासाठी जास्त दिवसांच्या गोळ्या हातात दिल्या, तर भेटी होतात २४,०००, म्हणजे ४,००० तास, म्हणजे तीन माणसं. शाश्वत सेवा म्हणतात ती मला इथे दिसते. पहिली दोन-तीन वर्षं जोर लावायचा म्हणजे पुढची वीस वर्षं त्याच माणसांत सेवा चालते, आणि लकवा, किडनी, हार्ट यांचा खर्च वाचतो तो वेगळाच. तिसरं, नवीन बीपीवाले कमी कसे होतील ते बघायचं, मीठ, तंबाखू, चालायला जागा. फिनलंडच्या नॉर्थ कारेलियात १९७२ पासून हेच केलं, दवाखान्याबाहेर जाऊन लोकांच्या रोजच्या खाण्यात आणि सिगारेटच्या सवयीत बदल घडवला आणि काही दशकांत कामाच्या वयातल्या पुरुषांचे हार्टचे मृत्यू ८० टक्क्यांहून जास्त घटले.

असंच गणित गरोदर बायकांचं, लसीकरणाचं, शुगरचं, टीबीचं, मानसिक आजारांचं करायचं. बाळंतपणाचं झटपट सांगतो: हजारी जन्मदर १५ धरला तर वर्षाला ४५० बाळंतपणं, आणि त्यात साधारण १५ टक्के केसमध्ये गुंतागुंत होऊ शकते हे जुनं मान्य गृहीतक आहे, म्हणजे ६५-७० बायका. आठवड्याला एकीहून थोड्या जास्त. तेवढ्यासाठी चोवीस तास ऑपरेशन थिएटर आपल्या सेंटरला परवडत नाही आणि इतक्या कमी केसमध्ये टीमचा हातही बसत नाही. पण बाळंतपणानंतरचा जोराचा रक्तस्राव उपचाराशिवाय दोनेक तासांत जीव घेऊ शकतो, म्हणून पहिलं इंजेक्शन आणि पहिले उपचार आपल्याकडेच हवेत, आणि पुढे नेणारी गाडी तिथल्या तिथे हवी. गाडी आहे का असं फोनवर विचारून प्लॅनमध्ये लिहू नका. रात्री दोन वाजता खरंच बोलावून बघा आणि घड्याळ लावा.

यातूनच काय जवळ आणि काय लांब ठेवायचं ते ठरतं. जे वारंवार लागतं आणि साधं आहे ते घराजवळ, जे क्वचित लागतं आणि अवघड आहे ते एका जागी एकवटून, आणि मध्ये रेफर करायचा, म्हणजे पुढच्या हॉस्पिटलला पाठवायचा, पक्का रस्ता. ही कल्पना १९२० च्या ब्रिटनमधल्या डॉसन रिपोर्टपासून, म्हणजे आरोग्यसेवेची रचना सुचवणाऱ्या सरकारी अहवालापासून आहे. १९७८ च्या अल्मा-आटा इथल्या जागतिक आरोग्य परिषदेत १३४ देशांनी प्राथमिक आरोग्यसेवा हाच पाया मान्य केला. कोस्टा रिकाने १९९० च्या दशकात ते नीट करून दाखवलं: चार-पाच हजार लोकांमागे एक छोटी टीम, त्यात एक जण फक्त घरोघरी जाणारा. प्रत्येक टीमला तिची माणसं नेमून दिलेली, त्यामुळे "हा आमचा नाही" म्हणायची सोयच नाही. रेफरबद्दल एकच सांगतो, गेलेल्या पेशंटचं पुढे काय झालं तो कागद परत आला पाहिजे. तो परत येत नसेल तर तुमची रेफरल सिस्टीम कागदावरच आहे.

बेडचं गणित लोक उगाच अवघड करतात. वर्षाला १,२०० ॲडमिशन, सरासरी चार दिवस मुक्काम, म्हणजे ४,८०० बेड-दिवस, भागिले ३६५, साधारण १३. पण १३ बेड ठेवले तर ज्या दिवशी जास्त येतील त्या दिवशी पेशंट जमिनीवर. म्हणून मोकळीक ठेवायची, ७५ टक्के भरलेले धरले तर १७-१८ बेड, आणि जेवढं युनिट छोटं तेवढी मोकळीक जास्त लागते कारण चढ-उतार जास्त जाणवतो. त्याच वेळी आरोग्यसेवांचे अभ्यासक मिल्टन रोमर यांचं निरीक्षण लक्षात ठेवा की बेड बांधला की तो भरतोच. भरलेला बेड म्हणजे गरज होतीच असं नाही. मुक्काम चारवरून तीन दिवसांवर आला, घरी नर्स जायला लागली, तर तेच १३ बेड पुरतात. आधी ते करून बघा.

पैशाचं आता. उभारणीचे पैसे एकदा मिळतात, चालवायचे दर वर्षी लागतात. प्लॅनच्या कागदावर दोन रकाने करा, एकदाचा खर्च आणि दर वर्षीचा खर्च, आणि दुसऱ्या रकान्यात पगार, औषधं, वीज, पाणी, सर्व्हिसिंग, पेट्रोल, ट्रेनिंग, कचरा, सॉफ्टवेअर सगळं लिहा. पाचव्या वर्षी हे पैसे कोण देणार त्याचं नाव समोर लिहा. नाव लिहिता येत नसेल तर ती गोष्ट सध्या घेऊ नका, कितीही चांगली वाटली तरी. कमी साधनांच्या देशांमधल्या हॉस्पिटलांची उपकरणं तपासणारा एक अभ्यास २०११ मध्ये आला होता, त्यात जवळपास ४० टक्के उपकरणं बंद निघाली. म्हणून देणगीत मशीन आलं तरी आधी विचारा: सुटे भाग कुठे मिळतात, दुरुस्त करणारा किती दिवसांत येतो, केमिकल-कार्ट्रिज कोण देणार. नाही म्हणायला जीवावर येतं, पण न चालणारं मशीन ठेवण्यापेक्षा ते बरं.

माणसं टिकवणं हे त्याहून कठीण. पगार वेळेवर, राहायला जागा, मुलांच्या शाळेची सोय, एकट्यावर चोवीस तास ड्युटी न टाकणं, अवघड केसला फोन उचलणारा सीनियर. यातलं एकेक सुटलं की माणूस जातो आणि त्याच्याबरोबर दोन वर्षांची ओळखपाळख जाते, नवीन माणसाला वस्तीतलं कोणी दार उघडत नाही. स्थानिक मुला-मुलींना निवडून ट्रेनिंग द्या, ते टिकायची शक्यता जास्त. आणि कुठलंही महत्त्वाचं काम निदान दोघांना आलंच पाहिजे.

पर्यावरणाचं ओझं पण यात धरा, जगाच्या एकूण हरितगृह वायूंपैकी साधारण ५ टक्के आरोग्यक्षेत्रातून जातात. बहुतेक लसींना २ ते ८ डिग्रीच हवं, तिथे वीज जात असेल तर सोलर फ्रिज हा चांगला उपाय. भूल देण्याचा डेस्फ्लुरेन वायू कार्बन डायऑक्साइडच्या अडीच हजार पटींच्या आसपास वातावरण तापवतो, स्कॉटलंडने २०२३ मध्ये तो बंद केला, पर्याय आहेत. दवाखान्याच्या कचऱ्यातला ८५ टक्के धोकादायक नसतो, पण एका डब्यात टाकला की सगळाच धोकादायक होतो, त्यामुळे वॉर्डातच वेगळा करा. आणि गरज नसलेली टेस्ट, गरज नसलेला हेलपाटा टाळला की पेशंटचा पैसा आणि धूर दोन्ही वाचतात.

सगळं एकदम होणार नाही, निवडावं लागेल. यादीतल्या प्रत्येक गोष्टीला विचारा: किती लोकांना त्रास आहे, त्रास किती मोठा, आपल्याकडे उपाय आहे का आणि तो चालतो याचा पुरावा आहे का, सगळ्यात मागे राहिलेल्यांना मिळेल का, पाच वर्षं चालवता येईल का. मार्क द्या, पण मार्कांवरच सोडू नका, बसून बोला, कारण थोड्या लोकांचा पण भयानक त्रास आकड्यात हरतो. काय बंद करायचं तेही त्याच मीटिंगला ठरवा. मोठ्या पातळीवर थायलंडने १९८० च्या दशकात मोठ्या शहरी हॉस्पिटलांची नवी गुंतवणूक काही वर्षं थांबवली आणि तो पैसा जिल्ह्याच्या खालच्या छोट्या हॉस्पिटलांकडे वळवला. २००२ मध्ये त्यांनी सगळ्यांसाठी विमा आणला तेव्हा खाली सेवा द्यायला हॉस्पिटलं तयार होती.

चालू झाल्यावर मोजायचं काय? "या महिन्यात ३,००० पेशंट तपासले" हा आकडा मला काहीच सांगत नाही. खाली भाजक हवा, म्हणजे कितींपैकी किती. ४,००० बीपीवाल्यांपैकी यादीत किती, यादीतल्यांपैकी गेल्या तीन महिन्यांत आले किती, आलेल्यांपैकी कंट्रोलमध्ये किती. हेच वस्तीप्रमाणे, बाई-पुरुषाप्रमाणे वेगळं काढा, कारण सरासरी चांगली दिसते तेव्हाच एखादी वस्ती बुडालेली असते. पाच-सहा आकडे पुरे, जास्त ठेवले तर नर्सचा दिवस फॉर्म भरण्यात जातो.

महिन्याच्या मीटिंगला हे आकडे पाच मिनिटांत संपवा. उरलेला वेळ एकाच कागदाला द्या, तीन महिन्यांत न आलेल्यांच्या नावांची यादी, आणि प्रत्येक नावापुढे कोण कोणत्या दिवशी जाणार ते लिहा, शक्यतो संध्याकाळी, घरं उघडी असताना. पुढच्या मीटिंगची सुरुवात त्याच कागदावरून. वर्षातून एकदा लोकसंख्येचा ताळा परत करा, भिंतीवरचा नकाशा कोरा लावा आणि टिकल्या पहिल्यापासून चिकटवा.